‘पाच मिनिटांत गळती शोधा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या मोबाइलवर सध्या घरातल्या नळगळतीविषयी एक संदेश फिरतो आहे. त्यात पाच विधाने आहेत. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहावे. काटा स्थिर असेल तर घरात गळती नाही. थेंबथेंब गळणारा नळ मनावर घेऊ नये. भिंतीला ओल आली म्हणजे आतला पाइप फुटला, तेव्हा ती जागा फोडावी. भेगेवर इपॉक्सीचा लगदा दाबला की पाइप कायमचा दुरुस्त होतो. आणि शेवटी, गळतीतून पाणी बाहेर जाते, आत काही येत नाही, म्हणून जमिनीतल्या गळतीची घाई करू नये. हा संदेश लोक सद्भावनेने पुढे पाठवतात, याबद्दल मला शंका नाही. परंतु तो ज्या प्रकारच्या घरासाठी लिहिला आहे तसे घर आपल्या शहरात क्वचितच आढळते, आणि त्यातले शेवटचे विधान तर आजाराला घरात बोलावणारे आहे.

मीटरची कसोटी मुळात चुकीची नाही. ती चोवीस तास दाबाखाली भरलेल्या नळजोडणीसाठी आहे. इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड आणि थोडा वेळच येते. ते आधी अंगणाखालच्या हौदात पडते, तेथून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते आणि टाकीतून ते स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडासाकडे उतरते. पुष्कळ घरांत बोरिंगचे पाणीही त्याच टाकीत सोडलेले असते. नळजोडणीला मीटर असले तरी ते हौदाच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला बसवलेले असते. रात्री बाहेरच्या लाइनीत पाणीच नसेल तर काटा हलणार कसा? आणि टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपांतून कितीही पाणी गळत असले, तरी त्या मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. काटा स्थिर पाहून निर्धास्त झालेल्या घरात मोटर मात्र पूर्वी एकदा लावावी लागे ती आता दोनदा लावावी लागते, आणि वाढलेल्या वापराचा दोष घरातल्या माणसांवर येतो.

आपल्याकडे गळती पाण्याच्या वाटेनेच, एकेक टप्पा वेगळा करून शोधावी लागते. रात्री सगळ्यांची कामे आटोपल्यावर मोटर बंद ठेवून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपाशी आतून खडूने खूण करावी आणि पहाटे कोणी नळ उघडण्याआधी पातळी पुन्हा पाहावी. टाकीचा व्यास 1 मीटर असेल तर पातळी 1 सेंटिमीटर उतरणे म्हणजे जवळजवळ 8 लिटर पाणी जाणे होय, त्यामुळे बारीक गळतीसुद्धा एका रात्रीत दिसून येते. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचे सगळे व्हॉल्व्ह बंद करावेत. तरीही पाणी उतरले तर दोष टाकीत, तिच्या जोडांत किंवा न रोखणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. उतरले नाही तर पुढच्या रात्री एकच व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाहावे, म्हणजे न्हाणीघराची लाइन की स्वयंपाकघराची, हे निश्चित होते. हौदाचीही परीक्षा अशीच करावी, कारण हौदाच्या भिंतीला गेलेली बारीक चीर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. यासाठी तीन-चार रात्री लागतात. पाच मिनिटांत हे होत नाही, आणि तसे सांगू नये.

या परीक्षेत संडासाच्या फ्लश टाकीला विसरू नये. तिच्या तळाचे रबर झिजले की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहते. टाकीत खाण्याचा थोडा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश न करता थांबावे. भांड्यातल्या पाण्याला रंग आला तर गळती तेथेच आहे. बोरिंगचे पाणी जड असेल तर त्यातले क्षार रबरावर आणि पाणी भरल्यावर आपोआप मिटणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हच्या तोंडावर बसतात, ते नीट मिटत नाहीत, आणि मग हौद किंवा फ्लश टाकी भरूनही पाणी वाहत राहते. हाही गळतीचाच प्रकार आहे आणि त्यावर पाइप फोडण्याची नव्हे, तो भाग काढून साफ करण्याची किंवा बदलण्याची गरज असते.

थेंबांविषयीच्या विधानाला एक साधा हिशोब पुरेसा आहे. सामान्यतः एका लिटरमध्ये सुमारे 4,000 थेंब धरतात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे 21 लिटरांहून अधिक पाणी घालवतो आणि वर्षाला जवळजवळ 7,900 लिटर. हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून 1978 पासून आपल्या दारी येते. ते यावे म्हणून 1970 मध्ये इंदूरकरांना आंदोलन करावे लागले होते, हे ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना नळाचा काही रुपयांचा वॉशर बदलण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

ओल दिसली की भिंत फोडायची, हा सल्ला मला सर्वांत खर्चिक वाटतो. ओल कोठून येते हे तिच्या वागण्यावरून ओळखता येते. दाबाखालच्या पाइपाची ओल बारा महिने, घर बंद असतानाही टिकते आणि टाकीचा व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवला की हळूहळू कमी होते. सांडपाण्याच्या पाइपाची ओल वापराबरोबर वाढते: पाहुणे आले की पसरते, सगळे गावाला गेले की सुकते. पावसाची ओल जूनच्या अखेरीस येते आणि दिवाळीनंतर ओसरू लागते. पायथ्यापासून सरळ रेषेत वर चढणारी आणि पांढऱ्या क्षारांचा पट्टा सोडणारी ओल बहुधा जमिनीतून आलेली असते, तिचा नळाशी संबंध नसतो. न्हाणीघराचा संशय असेल तर जाळीचे तोंड कपड्याने घट्ट बंद करून फरशीवर थोडे पाणी काही तास साठवून ठेवावे. खालच्या मजल्याच्या छताला ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा जाळीखालच्या ट्रॅपभोवती (पाणी अडवून वास रोखणाऱ्या भांड्याभोवती) आहे. एवढे करूनही पाइपाचाच संशय उरला, तर जाणकार प्लंबरकडून त्या लाइनीची दाबचाचणी करून घ्यावी. लाइनीची सगळी तोंडे बंद करून हातपंपाने दाब चढवतात आणि दाबमापकाचा काटा अर्धा तास टिकतो का ते पाहतात. गीझरकडची गरम लाइन आणि थंड लाइन वेगवेगळ्या तपासल्या की फोडायची जागा निम्म्याने कमी होते. ओल विजेच्या बटणांच्या पाटीपर्यंत पोहोचली असेल तर मात्र बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा.

इपॉक्सीचा लगदा निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. पाणी बंद करून, पाइप घासून कोरडा करून तो लावला तर अडचणीचे काही दिवस निभावतात. परंतु जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाला छिद्र पडते ते हा मुलामा संपून लोखंड आतून गंजल्यामुळे. एक छिद्र बुजवले की शेजारची पातळ झालेली जागा फुटते. तेथे तो तुकडाच बदलावा लागतो. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपाचा जोड सुटला तर वरून लेप देण्यात अर्थ नाही. तेवढा भाग सरळ कापून, कडा साफ करून, सीपीव्हीसीसाठीचेच सॉल्व्हेंट दोन्ही बाजूंना लावून, पाव वळसा देत फिटिंग बसवावे, थोडा वेळ धरून ठेवावे आणि डब्यावर लिहिलेला वेळ संपल्याशिवाय पाणी सोडू नये. घाईने सोडलेले पाणी हेच पुन्हा गळती लागण्याचे नेहमीचे कारण असते. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये टेपचे फार वेढे घेऊन पान्याने आवळले तर फिटिंगच चिरते.

आता शेवटचे विधान. दाब असेपर्यंत पाणी गळतीतून बाहेर जाते, हे खरे आहे. पण एक दिवसाआड येणारे पाणी थांबले की लाइन रिकामी होऊ लागते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच छिद्रातून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. नळजोडणी ड्रेनेजच्या चेंबरजवळून किंवा गटारातून गेली असेल तर ते भोवतालचे पाणी कसले असते, हे सांगायला नको. जे मोटर थेट नर्मदेच्या लाइनीला जोडून पाणी खेचतात, ते ही ओढ स्वतःहून वाढवतात, आणि त्याची शिक्षा शेजारच्या घरांनाही होऊ शकते. कावीळ, विषमज्वर आणि पटकी यांची पाण्यातून येण्याची ही एक वाट आहे. त्यात माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; दरवर्षीच्या या हालचालीने जमिनीतले जुने जोड सैल होतात. म्हणून अंगणातली किंवा दारासमोरची गळती सर्वांत आधी हाती घ्यावी. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ येते का, त्याला वास आहे का, हे पाहावे. नळाच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते आणि ते तपासण्याचा साधा संच बाजारात मिळतो. हौदात पडण्याआधीचे पाणी तपासावे. शेजारच्या घरी क्लोरीन दिसते आणि आपल्याकडे दिसत नाही, तर दोष आपल्याच जोडणीत असण्याची शक्यता बळावते. गढूळपणा किंवा वास असेल तर महापालिकेला त्याच दिवशी कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी घेऊ नये.

रामबागेतल्या आमच्या घरी दोन पावसाळ्यांपूर्वी पाणी सुरू होताना दोन मिनिटे वास येत असे आणि मग ते स्वच्छ होई, म्हणून आम्हीही ते चालवून घेतले. आईला कावीळ झाल्यावर फाटकाशी खणले, तेव्हा जीआय पाइपाचा एक जोड चेंबरच्या भिंतीला टेकलेला आणि खालच्या बाजूने कुजलेला निघाला. तो सगळा तुकडा काढून नवी जोडणी चेंबरपासून दूर आणि गटाराच्या पातळीच्या वरून नेली, हौद उपसून धुतला, आणि पुढच्या खेपेला नर्मदा आली तेव्हा पहिले दहा मिनिटांचे पाणी हौदात न घेता बाहेर सोडून दिले.