टॉवेल चालत नाही, चादरही चालत नाही

छापचित्रण शिकायला घेतलं की आधी अक्षरओळख विसरावी लागते. प्लेटवर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे, म्हणून नाव उलटं कोरायचं. शिरोरेखा बिचारी वरच राहते, पण आरशातली पहिली वेलांटी हुबेहूब दुसरी दिसते आणि हात सवयीनं ती 'दुरुस्त' करून टाकतो. त्यापेक्षा ट्रेसिंग पेपरवर सुलटं काढा, कागद पालथा घाला आणि कार्बननं उतरवा. डोकं मध्ये आणू नका.

लिनोचं, म्हणजे कोरून छापायच्या लिनोलियमच्या तुकड्याचं, आपल्याकडे बरं चालतं. थंड गावांत तो शेकून मऊ करतात. सोलापुरात एप्रिलमध्ये नुसता टेबलावर ठेवला तरी लोण्यासारखा कापला जातो. दुसरा हात मात्र हत्याराच्या मागे ठेवा.

खरा छळ एचिंगचा, म्हणजे आम्लानं धातूत रेघा खोदण्याचा. जस्ताच्या प्लेटच्या कडा आधी कानशीनं तिरक्या घासायच्या, नाहीतर प्रेसखाली कागद फाटतो. मग ग्राउंड, म्हणजे आम्ल अडवणारा लेप; सुईनं तो खरवडून रेखाटन आणि आम्ल. एक भाग नायट्रिकला आठ-दहा भाग पाणी. आधी पाणी, त्यात आम्ल, उलटं कधीच नाही. खिडक्या उघड्या, हातात मोजे. रेघांवर बुडबुडे जमतात ते पिसानं हलवत राहायचं. राहिले तर तिथं आम्ल पोचत नाही आणि रेघ दातरी होते. पारा 40च्या वर असला की आम्लही भराभर खातं. पुस्तकातल्या वेळेवर विसंबलात तर बारीक रेघेचा नाला होतो, ग्राउंडही उचकटतं. त्याच जस्ताच्या तुकड्यावर दोन-दोन मिनिटांनी चाचणी घ्यावी.

पुढं रेघांत शाई भरायची आणि वरवरची पुसायची, त्यासाठी कापड. आता कापडाची सोलापुरात काय वाण? पण शाई पुसायला टेरी टॉवेल घेतलात तर त्याची वळी थेट रेघेत शिरतात आणि तुम्ही भरलेली शाई पिऊन बाहेर येतात. हवी असते कडक, जाळीदार मलमल. ती हातावर चोळून जरा नरम करायची, सपाट बोळा करायचा आणि दाब न देता गोल फिरवायचा. शेवटी तळहाताला खडूची पूड लावून एक हलका हात.

प्रेसच्या रुळाखाली ब्लँकेट लागतं म्हटल्यावर कुणीतरी अक्का कौतुकानं जॅकार्डची चादर पुढं करतेच. "घे की, घरचीच हाय." घेऊ नका. दाब एवढा असतो की चादरीची वेलबुट्टी ओल्या कागदाच्या पाठीतून वर येते आणि चित्रातल्या आभाळात फुलं दिसू लागतात. तिथं सपाट फेल्टच हवं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड.

कागद कापसाचा, 250-300 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम). अर्धा तास भिजवायचा, टिपकागदात दाबायचा; वर पाणी चमकता कामा नये. आमच्या पंख्याखाली प्लेट पुसून होईतो तो पापड होतो, म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा आणि प्लेट प्रेसवर गेल्यावरच काढायचा.

एवढं करून खाली पेन्सिलीनं 3/10 लिहिलं की पाहुणे विचारतात, "दहातले तीन मार्क व्हय?" हा तिसरा छाप, एकूण दहा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार : "मग एक आम्हाला द्या की, झेरॉक्सच तर हाय." ठरलेले छाप निघाले की प्लेटवर आडव्यातिडव्या रेघा ओढून ती रद्द करायची पद्धत आहे. ते काम पाहुणे असतानाच उरकावं.