१९७६ म्हणजे नुसता उन्हाळा नव्हता

इंग्लंडात चार दिवस कडक ऊन पडलं की टीव्हीवर, बसस्टॉपवर, ऑफिसात एकच आठवण निघते, १९७६ चा उन्हाळा. साठीच्या पुढचा कुठलाही माणूस घ्या, लगेच खुलतो. आणि होताच तो तसा, जून-जुलैमध्ये सलग १५ दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांच्या वर, नद्या आटलेल्या, काही भागांत लोक रस्त्यावरच्या नळाला बादल्या लावून उभे, लेडीबर्ड किड्यांचे थवेच्या थवे, शेवटी सरकारने डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्याकडे खास दुष्काळाचं काम दिलं आणि काही दिवसांतच पाऊस कोसळला. हे सगळं इथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. डिसेंबरात सेक्स पिस्टल्स या पंक बँडने टीव्हीवर लाइव्ह शिव्या घातल्या, तेही.

पण मला मनापासून वाटतं की त्या वर्षाची खरी गोष्ट ही नाहीच. त्या वर्षी आपल्यासारखी दिसणारी माणसं या देशात पहिल्यांदा इतक्या ठिकाणी, इतक्या उघडपणे ‘आता बास’ म्हणाली. आणि ते आठवणींच्या कार्यक्रमात एका ओळीत उरकतात, याचा मला राग येतो.

४ जूनला लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाला भर रस्त्यात भोसकून मारलं. मोठी माणसं निवेदनं देत बसली, पोरं थेट रस्त्यावर उतरली, त्यातून साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली. आणि मग तो ऑगस्ट. ५ तारखेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमला स्टेजवरून परदेशी लोकांना हाकला अशी भाषा बोलला, त्यावर चिडून काही जणांनी रॉक अगेन्स्ट रेसिझम ही वंशद्वेषाविरुद्धची संगीत चळवळ सुरू केली. इंग्लंडचा क्रिकेट कॅप्टन टोनी ग्रेगने सीरिजच्या आधी टीव्हीवर सांगितलं होतं की वेस्ट इंडीजला नाक घासायला लावू, तर ओव्हलला रिचर्ड्सने २९१ मारले आणि होल्डिंगने त्या मेलेल्या पिचवर मॅचमध्ये १४ विकेट काढल्या, सीरिज ३-०. महिनाअखेरीला लंडनमधल्या कॅरिबियन लोकांच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये ३००० पोलीस आणून उभे केले आणि काळ्या तरुणांशी त्यांची जोरदार जुंपली.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती ओव्हलची मॅच संपल्यावर तीनच दिवसांनी, २० ऑगस्टला, शुक्रवारी घडलेली गोष्ट. जागा वायव्य लंडनमधल्या डॉलिस हिल स्टेशनला लागून चॅप्टर रोड, ग्रनविक नावाची फोटो धुण्याची कंपनी. मालक जॉर्ज वॉर्ड, जन्म दिल्लीचा. कामाला बहुतेक बायका आणि त्यातल्या बऱ्याचशा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती, शिकलेल्या, तिकडे चांगल्या घरात राहिलेल्या, इथे आठवड्याला ४० तासांचे २८ पौंड. टॉयलेटला जायचं तर हात वर करून परवानगी मागायची, आणि घरी पोरं वाट बघत असली तरी ओव्हरटाइमला नाही म्हणायचं नाही.

लोक सुट्टीवरून आले की फिल्मचा रोल पाकिटात घालून, सोबत चेक जोडून पोस्टाने पाठवायचे, धुतलेले फोटो पोस्टानेच घरी. म्हणजे ऊन जितकं छान, सुट्ट्या जितक्या मजेत, तितकी पाकिटं जास्त, आणि ती फोडणाऱ्या बायका एसी नसलेल्या खोलीत त्याच उकाड्यात बसलेल्या! आज त्या उन्हाळ्याचे बीचवरचे, आइस्क्रीम खातानाचे फोटो कौतुकाने दाखवतात ना, त्यातले कितीतरी या बायकांच्या हातातून गेलेत. मला जेव्हा हे नीट उमगलं तेव्हापासून ते फोटो मी पूर्वीसारखे बघूच शकत नाही.

तर त्या संध्याकाळी तिथे कामाला असलेल्या जयाबेन देसाई घरी जायला निघाल्या तर हुकूम आला, थांबा, अजून काम आहे. उंची जेमतेम चार फूट दहा इंच. मॅनेजरला म्हणाल्या, हा कारखाना नाही, झू आहे, झूमध्ये तुमच्या बोटावर नाचणारी माकडं असतात तसे मुंडकं तोडणारे सिंहही असतात, आम्ही ते सिंह आहोत. आणि तिथेच काम करणाऱ्या मुलाला घेऊन बाहेर पडल्या. पुढे १३७ जण संपावर गेले. साडीवर कोट चढवून थंडीत गेटवर उभ्या राहिल्या. नोव्हेंबरात क्रिकलवुडच्या पोस्टातल्या गोऱ्या कामगारांनी ग्रनविकची टपाल अडवली, आणि पोस्टावरच चालणाऱ्या धंद्याची मानच त्यांनी धरली. त्याच महिन्यात वांशिक भेदभावाविरुद्धचा रेस रिलेशन्स ॲक्ट पास झाला. नुसत्या कायद्याने काही झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे, गेटवर उभं राहणारं कुणीतरी लागतंच.

संप हरला. पुढच्या वर्षी हजारो लोक पाठिंब्याला आले, खाणकामगार आले, चौकशी समितीनेही कामगारांना परत घ्या म्हणून सांगितलं, वॉर्डने ऐकलं नाही. मोठ्या युनियननी हळूहळू अंग काढून घेतलं, टीयूसीचा (म्हणजे सगळ्या युनियनच्या महासंघाचा) पाठिंबा म्हणजे कोपराला लावलेला मध, असं जयाबेन म्हणाल्या, आणि टीयूसीच्याच दारात उपोषणाला बसल्या. १४ जुलै १९७८ ला संप संपला, कुणालाही नोकरी परत मिळाली नाही. जयाबेन २०१० मध्ये गेल्या. २०१६ मध्ये बीबीसी रेडिओच्या विमेन्स अवर या कार्यक्रमाने ७० वर्षांतल्या सात प्रभावी बायकांची यादी काढली, त्यात थॅचरबाईंबरोबर जयाबेन होत्या. मला त्याचा फार आनंद झाला, पण त्यांचं नाव आपल्या मराठी घरांत मी कधीच ऐकलेलं नाही.

लंडनचं आपलं महाराष्ट्र मंडळ त्याच डॉलिस हिलमध्ये आहे. गणपतीला, दिवाळीला आपण नटूनथटून, पोरांना घेऊन तिकडे जातो. ऑगस्ट २०२६ म्हणजे त्या संपाची पन्नाशी. मंडळात एक संध्याकाळ यासाठी ठेवावी, आपल्या बायकांनी आणि वेम्बली-हॅरोच्या गुजराती बायकांनी मिळून करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी सत्तरच्या दशकात इथे आलेले आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांना आत्ताच विचारून घ्या, तेव्हा काम काय करायचा, हातात पगार किती यायचा, बसमध्ये कोण काय बोलायचं, कोणी उलटून बोललं होतं का. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.