नागिणीला औषध नसतं म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत येऊन पडला, खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: नागीण हा व्हायरल आजार आहे आणि व्हायरसला औषध नसतं, सात दिवसांत ती आपोआप जाते, डॉक्टर देतात त्या '८०० पॉवरच्या' गोळ्यांनी किडनी खलास होते, म्हणून किडनीवाल्यांनी आणि कॅन्सरवाल्यांनी तर त्या शिवूसुद्धा नयेत, त्यापेक्षा गुळवेलीचा काढा पिऊन प्रतिकारशक्ती वाढवावी, दुर्वा-तांदूळ वाटून लेप लावावा आणि कडेने काव फिरवावी, म्हणजे नागिणीची दोन तोंडं जुळत नाहीत, जुळली की माणूस गेला.

एरवी मी असलं सोडून देतो. हे नाही सोडवत, कारण माझ्या दादाला २०१९ मध्ये किडनी बसवलीय, आईची, आणि दोन वर्षांपूर्वी त्याला नागीण झाली तेव्हा हाच मेसेज मावशीने पाठवला होता आणि त्यापायी आमचा एक अख्खा दिवस वाया गेला.

झालं असं की दोन दिवस त्याच्या उजव्या बरगडीखाली आग होत होती. आम्हाला वाटलं बाइक चालवून पाठ धरली असेल, बाम चोळला. तिसऱ्या दिवशी वहिनीने बनियन वर केलं तर कण्यापासून बगलेकडे लाल पट्टा आणि त्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पाच-सहा फोड. आई म्हणाली नागीण आहे, मावशी फोनवर म्हणाली गोळ्या देऊ नका किडनी जाईल, आणि ती किडनी आईचीच, त्यामुळे आई घाबरली. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो.

आता एकेक मुद्दा घेतो.

व्हायरसला औषध नसतं. सर्दीपुरतं हे चालून जातं, आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही हेही खरं, बहुतेक तिथूनच ही गल्लत सुरू झालीय. पण नागिणीवर असायक्लोव्हिर आहे (मेसेजमधल्या त्या '८०० पॉवरच्या' गोळ्या ह्याच), १९८० च्या दशकापासून आहे, आणि गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ चं नोबेल ज्या कामांसाठी मिळालं त्यात हेही धरतात. त्याची गंमत अशी की गोळी पोटात गेली तरी औषध जवळपास झोपलेलंच असतं, व्हायरस ज्या पेशीत शिरलाय तिथे व्हायरसचंच एन्झाइम त्याला जागं करतं आणि मग व्हायरसच्या नव्या कॉप्या निघायच्या थांबतात, म्हणजे तो स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतो. धडधाकट पेशीत ते एन्झाइमच नाही, म्हणून तिथे औषध फारसं काही करत नाही. आणि हे एकच औषध नाही, दादा ट्रान्सप्लांटनंतर पहिले काही महिने सीएमव्ही नावाच्या व्हायरससाठी व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर घ्यायचा, अंगात हिपॅटायटिस बी दडलेला असेल तर काही केमोच्या आधी एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करतात, एचआयव्हीची औषधं तर आपल्याकडे २००४ पासून सरकारी सेंटरमधून फुकट मिळतात. व्हायरसला औषध नसतं म्हणणाऱ्याने एकदा त्या सेंटरबाहेरची, म्हणजे एआरटी सेंटरबाहेरची, लाइन बघून यावी.

आपोआप जाते. हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. धट्ट्याकट्ट्या पंचविशीतल्या माणसाची नागीण बहुतेकदा औषधाशिवायही सुकते, हो. पण 'आपोआप' म्हणजे कोण करतं ते? त्याची प्रतिकारशक्ती करते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो व्हायरस मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून असतो आणि प्रतिकारशक्ती त्याला तिथेच कोंडून ठेवते. दादाची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम दाबून ठेवलीय, नाहीतर शरीर आईच्या किडनीला परकं समजून तिच्यावर उठेल. म्हणजे राखणदारालाच झोपेची गोळी दिलीय आणि चोर आपोआप जाईल म्हणून बसायचं? केमोवाले, बोनमॅरोवाले, संधिवातासाठी रोज जास्त स्टेरॉइड घेणारे, सगळ्यांचं थोडंफार हेच. असायक्लोव्हिरसुद्धा व्हायरसला फक्त वाढू देत नाही, झालेली घाण आवरायचं काम शरीरालाच करायचं असतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. एरवी पहिल्या ७२ तासांत औषध सुरू व्हावं म्हणतात, पण अशा पेशंटला नंतरही देतात, तेव्हा चौथा दिवस उजाडला म्हणून घरी बसू नका.

किडनी जाते. यावर जरा थांबतो. हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर ते अंगात साचून माणूस बरळायलाही लागतो. सलाइनमधून भसकन दिलं आणि अंगात पाणी कमी असलं तर किडनीच्या बारीक नळ्यांत त्याचे खडे धरू शकतात. हे डॉक्टरांना माहीत असतं हो! दादाला दुसऱ्या बाजूच्या दंडावर आणि मानेवरही फोड दिसायला लागले होते, म्हणून लगेच अ‍ॅडमिट करून वेगळ्या खोलीत ठेवलं. दर आठ तासांनी औषध, प्रत्येक वेळी पंपावर तासभर हळूहळू, जोडीला सलाइन, रोज सकाळी क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी, आकडा वाढला की वाईट), आणि वहिनी लघवी मोजून वहीत लिहायची. सहा दिवस असं, मग गोळ्या. क्रिएटिनिन मधे थोडं वर गेलं, परत खाली आलं.

आणि आता खरा विनोद ऐका. गोळीने किडनी जाईल म्हणून घाबरलेल्या आमच्याच घरात, आग सहन होईना म्हणून, पहिल्या दोन दिवसांत मेडिकलमधून विचारून आणलेली डायक्लोफिनॅक दादाला चारदा दिली गेली होती. मीच आणली होती. डॉक्टर त्यावर भडकले. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायची गोळी, चालू असताना असली पेनकिलर म्हणजे किडनीवर दुहेरी मार. ज्या गोळीला भ्यायला हवं होतं ती चहाबरोबर दिली आणि जी हवी होती ती अडवून धरली.

गुळवेल. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. साधी गोष्ट आहे: दादा सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेतो आणि तुम्ही काढा पाजून तीच वाढवणार? वाढलीच समजा, तर ती पहिली कुणावर जाईल? आणि हो, ट्रान्सप्लांटवाल्याने ओळखीच्याने दिलेली कुठलीही गोळी परस्पर घेऊ नये, त्यात अँटिव्हायरलही आले. कोविडच्या त्या दोन औषधांच्या कॉम्बिनेशनमधलं रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसची लेव्हल आभाळाला नेतं.

तोंडं जुळली की मरण. व्हायरस ज्या नसेच्या मुळात असतो त्या नसेच्या पट्ट्यातच फोड येतात आणि नस शरीराच्या एकाच बाजूची असते, त्यामुळे पट्टा साधारण मधल्या रेषेपाशी थांबतो, काव फिरवा की नका फिरवू. म्हणून तर काव फिरवणाऱ्याला दरवेळी यश येतं. बघायचं ते वेगळंच. पट्टा सोडून लांब कुठे फोड आलेत का, दम लागतोय का, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतोय का. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. लेपाबद्दल एवढंच, की फुटलेल्या फोडांवर पाट्यावर वाटलेलं काहीही थापू नका, वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होतं.

या औषधाने सगळंच सुटतं असंही नाही. नागीण सुकली, पण दादाला बरगडीपाशी अजून चुरचुरतं, कडक इस्त्रीचा शर्ट घालवत नाही, त्यासाठी प्रीगाबालिन चालू आहे. फोड सुकले तरी नस दुखत राहू शकते आणि असायक्लोव्हिर घेतलं म्हणून ते टळेलच अशी गॅरंटी नाही.

मावशीला मी फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अरे मला पण लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, आणि आता शुगर आहे." तिला म्हटलं, नागिणीची लस मिळते, दोन डोस, त्यात जिवंत व्हायरस नसतो, डॉक्टरांना विचार. तिने किंमत विचारली आणि म्हणाली बघू दिवाळीनंतर.