'प्रोगोनोस' या शब्दात पितृपूजेची आज्ञा नाही

ग्रीक बायबलमध्ये पितृपूजेची स्पष्ट आज्ञा आहे आणि मिशनऱ्यांनी ती मराठी भाषांतरात दडपली, असे सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या विधवा आत्याला तो तिच्याच मंडळीतील (चर्चमधील) कोणीतरी पाठवला आणि तिने तो खरा मानला, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले. बायबलच्या नव्या करारातील, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौथ्या वचनावर संदेशाची सारी मदार आहे. तेथील 'प्रोगोनोस' या शब्दाचा अर्थ केवळ 'मृत पूर्वज' असा होतो, त्याच वचनातील 'युसेबेइन' हे क्रियापद 'पूजा करणे' असे सांगते आणि आरंभीचे ख्रिस्ती लोक पूर्वजांना अन्न अर्पण करीत असत, असे त्यात म्हटले आहे.

'प्रोगोनोस' म्हणजे आधी जन्मलेला. तो मेलेलाच असला पाहिजे, अशी अट या शब्दात कोठेही नाही. प्लेटोने आपल्या 'कायदे' या ग्रंथाच्या अकराव्या भागात आईवडिलांच्या सन्मानाविषयी लिहिताना, आयुष्याच्या अखेरपर्यंत जिवंत असलेले वृद्ध 'प्रोगोनोई' ('प्रोगोनोस'चे अनेकवचन) सज्जनांना लाभलेले ठेवेच होत, असे म्हटले आहे. हा शब्द फक्त मृतांसाठी असता, तर हे वाक्य लिहिताच आले नसते. याच शब्दाचा अर्थ मागच्या पिढ्या असाही होतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी प्रेषित पौल पूर्वजांपासून चालत आलेल्या देवसेवेचा उल्लेख करतो, तेथे तोच अर्थ आहे. पण एका ठिकाणचा अर्थ उचलून दुसऱ्या ठिकाणी बसवण्यापूर्वी ते दुसरे ठिकाण वाचायला हवे, आणि संदेशकर्त्याने नेमके तेच केलेले नाही.

तो संपूर्ण उतारा विधवांच्या पालनपोषणाविषयी आहे. विधवेला मुले किंवा नातवंडे असतील, तर त्यांनी प्रथम आपल्या घराशी भक्तिभावाने वागावे आणि 'प्रोगोनोई'च्या उपकारांची परतफेड करावी, असे चौथे वचन सांगते. ही परतफेड ज्यांची करायची, त्यांत ती विधवा स्वतः येते. ती कोणाची आई असते, कोणाची आजी, आणि दोघींना सामावणारा शब्द म्हणून 'प्रोगोनोई' येथे चपखल बसतो. आठव्या वचनात, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट आहे, असे कठोर शब्द आहेत. सोळाव्या वचनात कारणही दिले आहे: नातेवाइकांनी आपापल्या विधवांना सांभाळावे, म्हणजे ज्यांना कोणीच नाही अशांना मंडळी मदत करू शकेल. मृतांना नैवेद्य दाखवल्याने मंडळीवरचा हा भार कसा हलका होणार? मला सर्वांत अधिक संताप याच गोष्टीचा येतो. म्हाताऱ्या आईच्या जेवणाची आणि औषधाची जबाबदारी मुलानातवंडांवर टाकणारे वचन या संदेशाने तिच्या मरणानंतरच्या विधीवर नेऊन ठेवले आहे, आणि तो ज्यांच्यापर्यंत पोहोचतो त्यांत अशा कितीतरी आया आहेत.

'युसेबेइन' हे क्रियापद पूजेसाठी वापरले जाते, हे खरे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत अथेन्सच्या लोकांनी अज्ञात देवाच्या केलेल्या भक्तीसाठी तेच आले आहे. परंतु या वचनात त्याचे कर्म 'आपले घर' हे आहे, 'प्रोगोनोई' नव्हे. 'प्रोगोनोई'शी जोडलेले क्रियापद परतफेड करण्याचे आहे.

मिशनऱ्यांनी शब्द दडपल्याचा आरोप तर काळाच्या हिशेबातच टिकत नाही. मराठी नवा करार बंगालमधील सेरामपूरहून १८११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या दोनशे वर्षे आधीच्या, १६११ च्या इंग्रजी भाषांतरात याच जागी 'आईबाप' या अर्थाचा शब्द छापलेला आहे.

राहिला कबरींवरच्या अन्नाचा मुद्दा. काही ख्रिस्ती लोक कबरींवर अन्न नेत असत, एवढे खरे आहे. चौथ्या शतकात संत ऑगस्टीनची आई मोनिका मिलानमध्ये हुतात्म्यांच्या स्मारकांवर लापशी, भाकर आणि द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले, कारण बिशप अँब्रोझ यांनी ही प्रथा बंद केली होती. ती मूर्तिपूजकांच्या पितृविधींसारखी दिसते, हे त्याचे एक कारण होते. मोनिकाने ती मनापासून सोडली आणि त्यानंतर जे देता येईल ते ती गरजूंना देऊ लागली, असे ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवले आहे.