तिकिटात विमा नसतो, आत्या

परदेशी जाणाऱ्या आणि परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने वाचावा म्हणून एक मेसेज सध्या सांगलीतल्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. तो विश्रामबागेतल्या आमच्या आत्याकडेही पोचला. ती लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालीय आणि मेसेज वाचून तिने विमा रद्द करायला सांगितला. "अरे, कायद्याचं नाव दिलंय त्यात," हे वर.

मेसेजचं म्हणणं असं. तिकिटातच विमा असतो, वेगळा काढू नका. काढलाच तर बीपी-शुगर लिहू नका, हप्ता वाढतो. बॅग हरवली तर किलोमागे फक्त 20 डॉलर मिळतात. सोनं चेक-इन बॅगेत टाका, टॅग लागला की जबाबदारी कंपनीची. तक्रार वर्षभरात कधीही करा, विमानतळावर ताटकळू नका. बॅगेला प्लास्टिक गुंडाळलं की आपोआप विमा मिळतो. आणि या सगळ्याला आधार कसला, तर "आंतरराष्ट्रीय विमान कायदा".

बीपी-शुगर लपवण्याचा सल्ला ज्याने दिला त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाबा, तुझी आई गेलीय का कधी तिकडे? आत्याला दोन्ही आहे आणि रोजच्या गोळ्यांचा डबा तिच्या पर्समध्ये असतो. तिकडे इमर्जन्सीत नेलं की पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत? ती खरं सांगणार, सांगायलाच पाहिजे, नाहीतर उपचार चुकतील. ते कागदावर येतं आणि तोच कागद क्लेमसोबत विमा कंपनीकडे जातो. फॉर्मवर "आजार नाही" आणि हॉस्पिटलच्या कागदावर "दहा वर्षांपासून मधुमेह". यापुढे कंपनीला नकार द्यायला दुसरं कारण शोधावं लागत नाही. शंका आली तर इथली, मिरजेच्या डॉक्टरांकडची जुनी फाइलही मागवतात. हप्त्यात वाचवलेल्या चार पैशांपायी लेकीच्या गळ्यात डॉलरमधलं बिल. आजार लिहिला तरी सगळं मिळतं असंही नाही. बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनच्या आजाराला जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात, काहींत तेही नाही. विचारायचं असेल तर ते विचारा.

आता "तिकिटातच विमा". आंतरराष्ट्रीय प्रवासात विमानकंपनीची जबाबदारी ठरवणारा 1999 चा माँट्रियल करार आहे, भारताने तो 2009 मध्ये स्वीकारला आणि आपल्या 1972 च्या हवाई वाहतूक कायद्याला तो तिसरं परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. अमेरिकाही त्यात आहे. त्याचं 17 वं कलम सांगतं की विमानात किंवा चढता-उतरताना अपघात होऊन प्रवासी मेला किंवा शरीराला इजा झाली तर कंपनी जबाबदार. ही झाली वाहतूकदाराची जबाबदारी, विमा नव्हे. लेकीच्या घरी पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात छातीत दुखलं तर त्यात विमानकंपनीचा काय संबंध? काही बुकिंग साइट तिकिटासोबत विम्याची खूण आधीच करून ठेवतात, गैरसमज तिथून आला असावा. पण त्याचे पैसे वेगळे लावलेले असतात, पावती बघा.

किलोमागे 20 डॉलर हे, नाइलाजाने मान्य करतो, कुणाच्या तरी डोक्यातून आलेलं नाही. 1929 च्या वॉर्सा करारात भरपाई वजनावरच होती आणि ती साधारण तेवढीच भरायची. जो देश अजून माँट्रियल करारात आलेला नाही, तिथल्या प्रवासाला जुना हिशेब आजही लागू शकतो. पण मुंबई ते न्यू जर्सी प्रवासाला नाही. तिथे वजन मोजत नाहीत, माणशी मर्यादा आहे आणि 28 डिसेंबर 2024 पासून ती 1519 एसडीआर आहे. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं चलन. रुपयांत ही रक्कम पावणेदोन-दोन लाखांच्या घरात जाते. मात्र ती कमाल आहे. बॅगेत काय होतं, केवढ्याचं होतं, हे तुम्ही दाखवायचं. भडंगाची पाकिटं आणि हळद यांचे दोन लाख कोणी देत नाही.

सोन्याचं तर बोलायलाच नको. आत्याने बारशासाठी बिंदल्या आणि साखळी केलीय, ती भडंगाच्या पाकिटांखाली दडवायचं ठरलं होतं! बहुतेक विमानकंपन्या आपल्या अटींत सांगतात की दागिने, रोकड, कागदपत्रं चेक-इन बॅगेत ठेवू नका, आणि बहुतेक पॉलिसींतल्या सामानाच्या विम्यातूनही ती वगळलेली असतात. चेक-इनच्या वेळी किंमत जाहीर करून जादा पैसे भरायची सोय करारात आहे, पण सोनं हातातल्या पर्समध्ये असावं हे सांगायला करार कशाला लागतो?

"वर्षभरात कधीही" हा मुद्दा प्लास्टिकपेक्षा महाग पडेल. बॅग फुटली-मोडली असेल तर ती हातात आल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार. उशिरा आली तर हातात आल्यापासून 21 दिवसांत. 21 दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. करारात दोन वर्षांची मुदत आहे खरी, पण ती कोर्टात जायची. म्हणून बेल्टवर बॅग दिसली नाही तर ताटकळायचं, काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्यायचा, नंबर घ्यायचा आणि मगच बाहेर पडायचं. विमा कंपनीही तोच कागद मागते.

प्लास्टिकने बॅग वाटेत उघडत नाही, बस्स. गुंडाळणारा काही हमी देत असेल तर ती त्याची.

तिकडेच राहणाऱ्या पोरांसाठी एक. सुट्टीला सांगलीला येताना इथून ऑनलाइन स्वस्त पॉलिसी काढू नका. इथल्या बहुतेक प्रवास पॉलिसी भारतातून निघून भारतात परतणाऱ्यासाठी असतात.

विमा कंपन्या क्लेम नाकारतात, ही मेसेजखालची ओरड मात्र खोटी नाही. कंपनीला आधी लेखी तक्रार द्यायची, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे अशा तक्रारी ऐकणारा अधिकारी. सांगलीसाठी तो पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. पण लेकीने तिकडूनच अमेरिकन कंपनीची पॉलिसी घेतली असेल तर पुण्याचा काही उपयोग नाही. म्हणून कुठली घ्यायची हे तिकीट काढतानाच ठरवा.