क्रॉप कॅमेऱ्यावर डोळे मिटून ५० घेऊ नका

चवथ जवळ आली की तो मेसेज परत फिरायला लागतो. "नवीन मिररलेस घेतलात? किट लेन्स फेका आणि डोळे मिटून ५० एफ १.८ घ्या. माणसाच्या डोळ्याला दिसतं तसंच दिसतं, ३५ ने चेहरे वाकडे येतात, अंधारात ५० सारखी लेन्स नाही, आणि फ्रेममध्ये मावत नसेल तर पाय हेच झूम." माझा आतेभाऊ हे वाचून ऑर्डर टाकायलाच बसला होता म्हणून लिहितेय. त्याच्याकडे कॅनन आर १० आहे, म्हणजे लहान सेन्सरचा, ज्याला क्रॉप म्हणतात तो कॅमेरा, त्यामुळे इथे कॅननच्या आरएफ ५० एफ १.८ आणि आरएफ ३५ एफ १.८ मॅक्रो ह्या दोघींचंच बोलते. सोनी, निकॉन, फुजीच्या क्रॉप बॉडीवर आकडे जरा बदलतील, हिशोब तोच. नवीन असाल तर एवढंच: ५०, ३५ ही लेन्सची फोकल लेंग्थ एमएममध्ये, आकडा लहान तितकं रुंद दिसतं; एफ १.८ म्हणजे छिद्र किती उघडतं ते, आकडा लहान तितका उजेड जास्त; आणि किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते ती.

आधी ते डोळ्याचं. ही गोष्ट ३५ एमएम फिल्मच्या काळातली आहे, १९२५ साली पहिला लायका बाजारात आला तो ५० ची लेन्स लावून, आणि ३६ बाय २४ च्या त्या फ्रेमचा कर्ण साधारण ४३ एमएम; कर्णाच्या जवळपासची लेन्स डोळ्याला नैसर्गिक वाटते असं मानतात, म्हणून ५० "नॉर्मल" ठरली. आर १० चा सेन्सर त्याहून लहान, कर्ण २७ च्या आसपास. कॅननचा क्रॉप १.६, म्हणजे ह्या बॉडीवर ५० लावली की फुल फ्रेमवरच्या, म्हणजे त्या ३६ बाय २४ वरच्या, ८० एवढंच दिसतं, आणि ३५ लावली की ५६ एवढं. म्हणजे मेसेजमध्ये ज्या ५० चं कौतुक चाललंय ती क्रॉपवर खरं तर ३५ आहे! हे एक वाक्य मेसेजमध्ये असतं तर माझी तक्रारच नव्हती.

"पाय हेच झूम" ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे लिहिणारा आमच्या घरांत कधी फोटो काढायला उभा राहिलेला नसावा. गणपतीची खोली दहा बाय बारा, समोर मूर्ती, वर माटोळी (फळं-रानफळं बांधलेली चौकट), बाजूला समया, मध्ये पोरं बसलेली, आणि तुम्ही पाठ भिंतीला टेकवून फार तर आठ फुटांवर. तिथून ५० ला आडव्या फ्रेममध्ये साडेतीन फूट रुंदी मिळते, ३५ ला पाच फूट. पाय कुठे नेणार, भिंतीतून? आणि खरं सांगायचं तर अख्खी माटोळी ३५ मध्येही मावत नाही, त्याला किट लेन्सचं १८ च लागतं, तिथे जवळजवळ पावणेदहा फूट मिळतात. म्हणून किट लेन्स फेकू तर अजिबात नका. पणजीतल्या फोंतायन्हासच्या गल्लीतही हेच, उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला ३५ ने तीन मीटरभर मागे जावं लागतं, ५० ने साडेचार, आणि साडेचार मीटरला बऱ्याचदा तुम्ही समोरच्या घराच्या पायरीवर चढलेले असता. त्या घरांत लोक राहतात, हे तिथे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं.

उलट ३५ चा फोटो नंतर कापून ५० एवढा करता येतो. २४ मेगापिक्सलमधले साधारण १२ उरतात, ४२०० बाय २८०० पिक्सल, १४ बाय ९ इंचाची प्रिंट त्यातून आरामात निघते. ५० चा फोटो मात्र मागून रुंद करता येत नाही.

चेहरे वाकडे येण्याचं म्हणाल तर नाक मोठं दिसतं ते तुम्ही फार जवळ गेल्यामुळे. एकाच जागेवर उभं राहून दोन्ही लेन्सने काढा आणि ३५ चा कापा, चेहरा सारखाच येईल, करून बघा. पण मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे तेही सांगते. नुसतं डोकं-खांदे उभ्या फ्रेममध्ये हवे असतील तर ३५ ने मीटरभरावर जावं लागतं, ५० ने सव्वा मीटरच्या पुढे राहता येतं, आणि तेवढ्या फरकाने चेहरा बरा दिसतो, समोरचं माणूसही मोकळं बसतं. मागची बॅकग्राउंडही ५० ने जास्त विरघळते, एफ १.८ ला तिचं छिद्र २८ एमएमचं, ३५ चं १९. तुम्ही फक्त पोर्ट्रेट काढत असाल तर ५० च घ्या, मी वाद घालणार नाही.

अंधाराचं मात्र अर्धवट सांगितलंय. दोन्ही एफ १.८, उजेड सारखाच. फरक हा की आर १० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, ५० मध्येही नाही, ३५ मध्ये आहे, कॅनन पाच स्टॉप सांगते, एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. समईच्या उजेडात बसलेली आजी १/१५ सेकंदाच्या शटरला हातात धरून ३५ ने शार्प येते, ५० ने माझ्या हाताला तरी जमत नाही. व्हिडिओत तर हा फरक लगेच दिसतो. पण जात्रेच्या नाटकात स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, नट हलतो तेव्हा शटर १/२०० लागतंच, आणि सहा मीटरवरून ५० मध्ये दोन पात्रं छान बसतात, ३५ मध्ये विंगेतला पडदाही येतो. तिथे मी स्वतः कुणाची तरी ५० उसनी मागून नेते.

आणखी एक, ३५ ही अर्धी मॅक्रो आहे, साडेचार सेंटिमीटरच्या वस्तूने फ्रेम भरते, ५० ला त्याच्या दुप्पट लागते. माटोळीतली कांगलां, सुपारीचं शिपटं असलं काही जवळून काढायचं तर हे फार कामाचं.

पैशात ५० जिंकते, लाँचला अमेरिकेत ती १९९ डॉलर होती आणि ३५ ४९९. वजनातही, १६० ग्रॅम आणि ३०५. पावसापासून सील दोघींनाही नाही, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल दोघींनाही लागणारच.

आतेभावाला मी सांगितलंय की किट १८-४५ आठवडाभर ३५ वर ठेव, हात लावायचा नाही, मग आठवडाभर ४५ वर, आणि कुठल्या आठवड्यात जास्त वेळा अडलास ते लिहून ठेव. त्याचा ३५ चा आठवडा रविवारी संपतोय, ऑर्डर तोवर थांबवलीय.