‘ब्लडस्पोर्ट’ सत्यकथा? मग छप्पन्नचा हिशोब लावून दाखवा

फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘ब्लडस्पोर्ट’ हा मारामारीचा सिनेमा अस्सल सत्यकथा आहे. ज्यांच्यावर तो बेतलाय ते फ्रँक डक्स १९७५ ते १९८० या काळात ‘कुमिते’ नावाच्या गुप्त स्पर्धांमधून ३२९ लढती लढले, एकही हरले नाहीत, एकाच स्पर्धेत त्यांनी सलग ५६ नॉकआउट केले. पुरावा म्हणून सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या पाट्यांकडे बोट दाखवलं जातं.

आधीच सांगतो, १९८८ चा हा सिनेमा माझा लाडका आहे. डक्स झालेल्या व्हॅन डॅमची ती दोन टोकांना फाकलेली तंगडी आणि खलनायक बोलो येउंगची ती नजर, कितीही वेळा बघेन. पण सत्यकथा म्हणून गळ्यात मारू नका.

पहिला मुद्दा ५६ चा. सिनेमातली स्पर्धा बाद पद्धतीची आहे, हरला तो घरी. अशा स्पर्धेत ६ फेऱ्या हव्यात तर ६४ खेळाडू लागतात. प्रत्येक जादा फेरीला आकडा दुप्पट. ३२ फेऱ्यांसाठी ४२९ कोटी माणसं हवीत, आणि १९७५ साली अख्ख्या जगाची लोकसंख्या होती चारशे कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ही बाळं आणि पणज्या धरून सगळे रिंगणात उतरवले तरी ५६ पैकी २४ फेऱ्या उरतातच. बरं, पद्धत वेगळी होती म्हणा. तरी उघड्या मुठीने ५६ जणांना आडवं करायचंय. कवटी टणक असते, बोटांमागची हाडं बारीक. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये यूएफसी ही वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तिच्यात जेरार्ड गोर्दोचा हात पहिल्याच लढतीत मोडला. लढत अर्ध्या मिनिटाचीही नव्हती! त्या स्पर्धेत खेळाडू होते आठ, आणि विजेत्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं. तीन. तेवढ्यावर त्याचं नाव झालं.

“गुप्त स्पर्धा होती, पुरावा कसा मिळणार?” हे उत्तर ठरलेलं. मग त्याच पाट्यांवर ठोशाचा वेग ०.१२ सेकंद आणि लाथेचा ताशी ७२ मैल कुठून आला? कुठे भरते, कोण भरवतं ते कुणाला कळू द्यायचं नाही, पण सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा माणूस मात्र हजर. तो त्या काळात कुठलं घड्याळ घेऊन बसला होता, हे मला खरंच बघायचंय.

पाट्यांवर लिहिलं म्हणजे कुणीतरी तपासलं असेल, हाही भ्रम. माहिती डक्स यांच्याच तोंडची. पटकथाकार शेल्डन लेटिच यांनी ती त्यांच्याकडूनच ऐकली आणि पुढे स्वतःच जाहीरपणे शंका घेतली. ‘ब्लॅक बेल्ट’ मासिकात १९८० साली लेख आला होता खरा, पण तोही त्यांच्याच सांगण्यावर. तपास केला तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने, सिनेमा आला त्याच वर्षी. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा पत्ता डक्स यांच्या घराचाच निघाला. विजेत्याची ट्रॉफी त्यांच्याच भागातल्या दुकानात बनल्याचं दुकानदाराने सांगितलं. डक्स यांनी हे सगळं फेटाळलं.

‘कुमिते’ हे स्पर्धेचं नाव ऐकूनही पुष्कळ जण भारावतात. कराटेच्या कुठल्याही वर्गात कुमिते रोज चालते. जोडीदाराबरोबरच्या लढतीला जपानीत तेच म्हणतात.

“पण चित्रीकरण तर खऱ्या अड्ड्यावर झालंय!” हो, हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीत काही भाग चित्रित झालाय. अडीच-पावणेतीन हेक्टरांत तीस हजारांवर माणसं कोंबलेली ती वस्ती १९९३-९४ मध्ये पाडली. जागा खरी असल्याने गोष्ट खरी ठरत नाही. चोरून होणाऱ्या लढती हाँगकाँगमध्ये खरोखर व्हायच्या, पण १९५० च्या दशकात, इमारतींच्या गच्च्यांवर, एका कुंग-फू शाळेची पोरं दुसऱ्या शाळेच्या पोरांविरुद्ध. वाँग शुन लेउंग त्यांतूनच गाजले, पोरसवदा ब्रूस लीही तिथे लढला. पोलिसांची नजर चुकवून सगळं चालायचं. तरी कोण कुणाशी लढलं ते शहरभर माहीत असायचं, कारण हरलेला माणूसही त्याच शहरात राहायचा.